दोन रुपयांचा तोटा

"तुझ्या घरी पैसे पोचले," जयरामशेट म्हणाले आणि पुन्हा दोर मोजायला लागले.

नारळी पौर्णिमेला चार दिवस उरले होते. होड्या पाण्यात लोटायचे दिवस, त्यामुळे शेटच्या दुकानात जाळी, दोर, बुचं घ्यायला आलेल्या माणसांची दाटी होती. मी एकटीच बाई.

"कधी पोचले?"

"पैशाचं मी बायकांशी बोलत नाही. घरी विचार."

"घरी विचारलं. घरचे म्हणतात, आले नाहीत. मुंबईत धाडी पडल्यात, माल अडकलाय म्हणतात."

दोर घेणारा माणूस गालात हसला. शेटना ते लागलं. पैसे अडकले असं गावात पसरणं त्यांच्या धंद्याला परवडणारं नव्हतं. त्यांनी गल्ल्याखालचा पत्र्याचा डबा काढला, चिठ्ठ्या चाळल्या आणि एक माझ्यासमोर धरली. हातात दिली नाही.

"वाचता येतं ना? मास्तराची मुलगी तू."

चिठ्ठीवर जुलैची दोन तारीख होती, आकडा होता आणि खाली माझ्या मोठ्या दिरांची वळणदार सही होती. रघुवीर टिकम.

"झालं समाधान?"

"झालं," मी म्हटलं. समाधान मुळीच झालं नव्हतं. पण आता निदान कोणाला विचारायचं ते ठरलं होतं.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. माझे यजमान मोरेश्वर तेव्हा एका परदेशी मालवाहू जहाजावर इंजिनघरात तेलवाला होते. देवगडच्या खाडीपलीकडच्या आमच्या आडबंदरातली तीस-बत्तीस माणसं अशीच जहाजांवर होती. पगार डॉलरमध्ये. सरळ मार्ग म्हटला तर कंपनीच्या मुंबईच्या कचेरीला सांगायचं, की पगारातला एवढा भाग घरी पाठवा. त्याला अलॉटमेंट म्हणत. ते पैसे बँकेतून येत, पण सरकारी भावाने, डॉलरला साडेअकरा. जयरामशेटची माणसं सिंगापूरला, दुबईला बंदरावरच भेटत, हातात डॉलर घेत आणि शेट इथे साडेतेराच्या भावाने रुपये देत. परकीय चलन असं आणणं गुन्हा होता हे सगळ्यांना माहीत होतं. तरी आमच्या जेटीवर सुरमईच्या भावाबरोबर डॉलरचा भावही विचारला जायचा, आणि कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. मलाही नाही. दोन रुपये जास्त मिळतात तर का सोडायचे?

शेटचा एकच रिवाज होता. पैसे घरच्या कर्त्या पुरुषाच्या हातात द्यायचे. बाईच्या हातात नाही.

मे महिन्यात मोरेश्वरांचं पत्र आलं होतं. 'नऊशे डॉलर दिले आहेत. त्यातून तुझी डी.एड.ची फी आणि वसतिगृहाचे पैसे भर.' मला कॉलेजात जागा मिळाली होती. मुलगी अडीच वर्षांची होती, तिला माझ्या आईने सांभाळायचं ठरलं होतं. फी भरायची शेवटची तारीख वीस जुलै. मी रोज भाऊजींना विचारत होते, आणि ते रोज म्हणत होते, "येतीत गो. दम धर." वीस तारीख गेली. माझ्या जागी यादीतली पुढची मुलगी घेतली. आणि चिठ्ठी तर दोन जुलैची होती.

त्या दुपारी भाऊजी जेवायला बसले होते. माझी मोठी जाऊ, कालिंदीवहिनी, भात वाढत होती. मी उंबऱ्यातच उभी राहिले.

"भाऊजी, दोन जुलैला पैसे आले होते."

त्यांचा घास हातातच राहिला. "कोणी सांगल्यान?"

"शेटनी चिठ्ठी दाखवली. तुमची सही आहे."

"मगे? घरातच इले ना? होडयेक मशीन घेतलंय. ह्या वर्साक वल्ही मारूची नाय. तां मशीन मोऱ्याचांय आसा."

"कागद कोणाच्या नावावर आहे?"

त्यांनी हातातला घास तोंडात घातला.

"माझी जागा गेली, भाऊजी."

"जागा फुडल्या वर्सा मेळात. मासळी थांबणा नाय." मग आवाज चढवून म्हणाले, "बापूस दर्यात गेलो तेव्हा मी पंधरा वर्सांचो. मोऱ्याक मी शाळेत घातलंय, जहाजार चढवलंय. त्याच्या पैशाचो हिशोब तू माका इचारतंस?"

हे खरं होतं. वाईट माणूस असता तर सोपं गेलं असतं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने आमटीचं भांडं उचललं आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी बँकेत गेले. बाजारात सोसायटीच्या गोदामावर दोन वर्षांपूर्वी बँकेची शाखा उघडली होती. मॅनेजर देवतळे म्हणून चंद्रपूरकडचे तरुण गृहस्थ होते. समुद्र त्यांनी इथे येऊनच पहिल्यांदा पाहिला होता. दिवसभर बसून ते आंबा-कर्जाचे कागद लिहायचे, कारण जहाजांवरचा एक रुपयाही त्यांच्याकडे येत नव्हता.

मी विचारलं, "माझ्या नावाने खातं उघडलं आणि नवऱ्याने कंपनीला तसं लिहून दिलं, तर अलॉटमेंट थेट माझ्या खात्यावर येईल?"

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "येईल ना बाई. आणि तुमच्या सहीशिवाय एक पैसा कोणी काढू शकणार नाही."

"माझ्याशिवाय कोणीच नाही?"

"तुमचे मालक आले तरी नाही."

ते वाक्य मी घरी जाताना, तरीतून खाडी ओलांडेपर्यंत कितीदा मनात म्हटलं, काय सांगू. पण एक अडचण होती. फॉर्मवर ओळख देणाऱ्याची सही लागत होती. बँकेत ज्याचं खातं आहे अशा कोणीतरी लिहून द्यायचं, की मी या बाईला ओळखतो.

"मी दिली असती," देवतळे निघतानाच म्हणाले होते, "पण नियम खातेदाराचा आहे. एवढं मोठं गाव. कोणीही देईल की."

कोणीच देईना. शाळेचे हेडमास्तर माझ्या वडिलांना ओळखत होते. त्यांनी चहा दिला, चौकशी केली, आणि फॉर्म पाहिल्यावर चष्मा काढून पुसत बसले. त्यांचा धाकटा मुलगा शेटच्या ओळखीने जहाजावर लागायचा होता. सोसायटीचे सचिव म्हणाले, "उद्या या." उद्या गेले तर कणकवलीला गेलेले. एका आंबेवाल्याने तर स्पष्टच सांगितलं, "बाय, तुजी वळख आसा. पण शेटचीय आसा." कारण शेट नुसते पैसे आणत नव्हते. मुंबईत कोणत्या जहाजावर कोण चढणार हे ठरवणाऱ्या दलालाकडे त्यांचं वजन होतं. गावातली प्रत्येक नोकरी त्यांच्या दुकानावरून जात होती.

पाच दिवसांनी शेट स्वतः घरी आले. भाऊजींनी खुर्ची पुसून दिली. शेट कधी आवाज चढवत नसत. अडल्या-नडल्याला उसने देणारे, लग्नकार्यात उभे राहणारे. माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी चांदीचा वाळा दिला होता.

"बँकेत फेऱ्या मारतेस म्हणे," ते म्हणाले. "खुळी आहेस का? डॉलरमागे दोन रुपये तोटा. नऊशे डॉलरला अठराशे रुपये पाण्यात. सरकार तुझं कोण लागतं?"

"कोणी नाही."

"मग?"

"दोन रुपये सरकार नेईल, शेट. उरलेले साडेअकरा माझ्या हातात पडतील. तुमच्या साडेतेरातलं मला काय मिळालं?"

भाऊजी खाली बघत होते. शेटनी मान डोलावली, जणू भाव ऐकून घेतला. उठताना म्हणाले, "मोरेश्वरचं कंत्राट मार्चला संपतंय ना? पुढच्या जहाजाचं मला बघायचंय. एक बाई बँकेत गेली की उद्या दहा जातील. तेव्हा विचार कर. मी रागावून सांगत नाही."

आणि खरंच ते रागावलेले नव्हते. मला भीती वाटली ती त्याचीच.

रात्रभर मी ठरवत होते, की फॉर्म चुलीत घालायचा. नवऱ्याची नोकरी घालवून मी काय मिळवणार होते? पहाटे मागच्या अंगणात वहिनी सुकी मासळी टोपलीत भरत होती. ती बाजारात न्यायची तिची रीत होती. सहा वर्षांत ती माझ्याशी मीठ, सरपण, मुलं यांपलीकडे फारसं बोललेली नव्हती.

"आज बाजारात येतंस?" तिने विचारलं.

"कशाला?"

"तो कागद घे वांगडा."

मला कळेना. मी कागद घेतला आणि तिच्यामागे निघाले. तरीत बसून खाडी ओलांडली. बाजारात तिने टोपली शेजारणीच्या ताब्यात दिली, पदर सारखा केला आणि थेट गोदामाचा जिना चढली. देवतळे तिला पाहून उठले. "या टिकमबाई."

मी बघतच राहिले. वहिनीने कमरेची पिशवी सोडली आणि तेलकट कागदात गुंडाळलेलं पासबुक टेबलावर ठेवलं. शाखा उघडल्यापासून तिचं खातं होतं. सुक्या मासळीतले पाच, सात, दहा रुपये. तिची ओळख बँक उघडायला आलेल्या मोठ्या साहेबांनीच, समारंभाची माणसं पांगल्यावर दिली होती, पहिली महिला खातेदार म्हणून. घरात कोणाला पत्ता नव्हता.

"वहिनी, भाऊजी..."

"गप रव." तिने पेन हातात घेतलं. ती शाळेत गेलेली नव्हती, एवढी सहीच शिकलेली. एकेक अक्षर रेघेवर बसवत होती.

देवतळ्यांनी नियमाप्रमाणे विचारलं, "यांना तुम्ही ओळखता ना?"

"सा वर्सां एका चुलीर रांधतंव," ती म्हणाली. "आणखी कसली वळख होयी?"

बातमी आमच्या आधी घरी पोचली होती. भाऊजी पडवीत उभे होते. मला वाटलं ते माझ्यावर येतील. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"तुजां खाता आसा?" त्यांनी वहिनीला विचारलं. आवाज बसलेला होता.

"आसा."

"कधीपास्ना?"

"दोन वर्सां."

"माका सांगलंस नाय."

"तुमी मशीन घेतलात तेव्हा माका सांगलात?"

"उद्या जावन ती सय खोडून ये. शेट माका डिझेल उधारीर देता. तां बंद झालां तर होडी किनाऱ्यार कुजात."

वहिनी टोपलीतली उरलेली मासळी निवडायला बसली. एकही मासा न चुकवता म्हणाली, "तुमचां मशीन तुमच्या नावार. माजां पुस्तक माज्या नावार. तिचां तिच्या. आता हात धुवा, जेवाक वाढतंय."

ते त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, की या घरात तुझी चूल नको. मी मुलीला घेऊन मागच्या मांगरात राहायला गेले. तिथे जाळी आणि फुटकी वल्ही ठेवलेली असत. वहिनीला त्यांनी काही केलं नाही. फक्त महिनाभर बोलले नाहीत. ती म्हणायची, तेवढीच शांतता.

अलॉटमेंटचा कागद मी पत्रासोबत कंपनीच्या मुंबईच्या कचेरीतून जहाजावर पाठवला. पत्रात सगळं लिहिलं होतं, शेट काय म्हणाले तेही. दोन महिने उत्तर नाही. माझ्याआधी शेटची माणसं कुठल्यातरी बंदरावर पोचली असणार, हे मला कळत होतं. त्या दिवसांत मी मुलीला घेऊन जेटीवर गेले की बाया बोलणं थांबवायच्या.

उत्तर आलं ते चार ओळींचं. 'सिंगापूरला शेटचा माणूस भेटला. त्याने सगळं सांगितलं. दादाने माझ्यासाठी केलं ते मी विसरत नाही. पण तुझी जागा गेली हे तू मला लिहीपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. कागदावर सही केली आहे.'

फेब्रुवारीत पहिले पैसे आले. देवतळ्यांनी पासबुक माझ्याकडे सरकवलं. पहिल्या पानावर माझं नाव टाइप केलेलं होतं, हेमलता मोरेश्वर टिकम. मी त्या खुर्चीवर बसून आकडा नाही, नाव वाचत होते. रेशनकार्डावर मी कोणाची तरी बायको होते, मतदार यादीत कोणाची तरी बायको होते. इथेही नवऱ्याचं नाव होतंच, पण पैसे माझ्या सहीने हलत होते. मला सरकारचा कायदा पाळायचा होता असं कोणी म्हणालं तर ते खोटं आहे. सरकारने माझे दोन रुपये नेले ते नेलेच, त्याचा मला आजही राग आहे. पण त्या दोन रुपयांत मी जे घेतलं ते शेटच्या दुकानात कुठल्याच भावाने मिळत नव्हतं.

मार्चला मोरेश्वर घरी आले, आणि शेटनी दिलेला शब्द पाळला. जहाज मिळेना. मुंबईचा दलाल प्रत्येक वेळी म्हणायचा, पुढच्या महिन्यात. असे चौदा महिने गेले. मोरेश्वर दुसऱ्यांच्या होड्यांवर मजुरीला जात. खात्यातले पैसे संपत आले. डी.एड.ची जागा त्या वर्षी पुन्हा मिळाली होती, पण फी भरली तर खायचं काय? मी ती सोडली, आणि मग वयच निघून गेलं. शिक्षिका व्हायचं राहिलं ते राहिलंच. कधीतरी भांडणात मोरेश्वर म्हणाले, "काय मिळालं तुला?" मी म्हटलं, "तुम्ही सही केलीत ना? मग दोघांनी मिळून भोगायचं." त्यावर ते हसले. रागातच, पण हसले.

पुढच्या वर्षीच्या वैशाखात एका संध्याकाळी भाऊजी मांगराच्या दाराशी आले. पावणेदोन वर्षांत पहिल्यांदाच. मी चटई टाकली. ते बसले नाहीत.

"शेटचो निरोप आसा," ते मोरेश्वरांना म्हणाले. "जहाज आसा. चांगली कंपनी, पगार जास्ती. आठ दिसांत चढूचां. एकच अट. पैशे दुकानातसून येतले. बँकेतला बंद."

मोरेश्वरांनी माझ्याकडे पाहिलं. घरात दोन दिवसांचे तांदूळ होते.  या वेळी उत्तर त्यांनी द्यायचं होतं.

भाऊजीच पुढे बोलले. "निरोप सांगाचो होतो, तो सांगलंय. आता माजां ऐक." त्यांनी खांबाला हात टेकला. "डिझेलच्या उधारीत तां मशीन शेटकडे ग्हाण पडलां. सकाळची मासळी तो म्हणता त्याच भावान घालूची लागता. तुजे पैशे माका आता देवक जमाचे नाय, मोऱ्या. पण एक सांगतंय. हो म्हणा नको."

ते वळून गेले. मोरेश्वरांनी रात्रीच पिशवी भरली. सकाळच्या एस.टी.ने ते मुंबईला गेले. दलालाकडे नाही, खलाशांच्या सरकारी कचेरीत नाव नोंदवून रोज रांगेत उभे राहिले. तिथे वशिल्याशिवाय काही मिळत नाही असं गावात सगळेच धरून चालत, म्हणून आजवर आमच्यातलं कोणी त्या वाटेला गेलं नव्हतं. एकेचाळीसाव्या दिवशी जहाज मिळालं. लहान, जुनं, पगार आधीपेक्षा कमी. जाताना पत्र टाकलं, 'अलॉटमेंट तुझ्याच खात्यावर.'

ते जहाज शेटच्या वशिल्याशिवाय मिळालं, ही गोष्ट पैशापेक्षा जास्त फिरली. पावसाळ्यानंतर खालच्या वाडीतली एक बाई भरदुपारी आली आणि दाराबाहेरूनच म्हणाली, "वळख देतंस?" तिच्यामागोमाग दिवाळीपर्यंत आणखी तिघी. मी प्रत्येकीबरोबर खाडी ओलांडून गेले. देवतळ्यांची बदली व्हायच्या आधी त्यांनी मला रोजची अल्पबचत गोळा करायचं काम दिलं, आणि पुढची चोवीस वर्षं मी दारोदार तेच केलं. डॉलरचा काळा भाव पुढे आपोआप उतरला, सरकारी नियम सैल झाले, शेटचं दुकान नुसतं दोर-जाळ्यांचं राहिलं. ते सगळं माझ्यामुळे झालं असं मी म्हणत नाही.

पण त्याच वर्षीच्या कार्तिकातली एक गोष्ट सांगते. मी बँकेत भरणा करत होते. जिन्यावर पावलं वाजली आणि एक तरुण मुलगी वर आली. डोक्यावर पदर, हातात घडी केलेला फॉर्म. मी ओळखलं. जयरामशेटची धाकटी सून. तिचा नवरा दीड वर्ष जहाजावर होता, आणि त्याचे पैसे कोणाच्या हातात पडत असतील हे विचारायची गरज नव्हती.

ती माझ्यासमोर उभी राहिली. फॉर्म तिने सगळा भरला होता. एकच रकाना कोरा होता.

"सासऱ्यांना माहीत आहे?" मी विचारलं.

"कळेल," ती म्हणाली.

मी पेनाचं टोपण काढलं.